एआय स्पीकरफोन घ्यावा का? आधी टेबल मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसच्या मीटिंगरूममध्ये आठ जण बसतात, तिघे घरून जोडले जातात. आवाजासाठी सध्या टेबलाच्या एका टोकाला ठेवलेला लॅपटॉप, तेवढाच. घरचे तिघे दर दोन मिनिटांनी "परत सांगता का?" विचारायचे, अलीकडे त्यांनी विचारणंही सोडलंय. मॅनेजरने एक एआय स्पीकरफोन, म्हणजे माइक आणि स्पीकर एकत्र असलेली टेबलावर ठेवायची डबी, हेरून ठेवलाय. गोंगाट गाळतो, कोण बोललं ते ओळखतो, मीटिंग संपताच टिपण हातात देतो, असा त्याचा दावा. तो घेतला तर हा त्रास संपेल का? आणि विचारणाऱ्याला आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं, तर तोच घरीही चालेल का?

मी चौदा वर्षं मीटिंगरूमच्या आवाजाचीच कामं करतो. ऑफिससाठी माझं उत्तर बहुतेक 'हो' आहे, घरासाठी 'बघावं लागेल', आणि टिपणाच्या बाबतीत 'जरा दमानं'. पण त्याआधी तुमच्याच प्रश्नातली एक गोष्ट दाखवतो. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्यात गोंगाटाची तक्रार कुठेच नाही. पंख्याची नाही, रस्त्याची नाही, शेजारच्या खोलीची नाही. तक्रार एवढीच की ऐकू येत नाही. मॅनेजरला दाखवला जातोय तो गोंगाटावरचा उपाय आणि तुमचं दुखणं आहे अंतराचं.

लॅपटॉपसमोर बसलेला माणूस माइकपासून अर्ध्या मीटरवर असतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा चार मीटरवर. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. अर्ध्यावरून एक, एकावरून दोन, दोनावरून चार, म्हणजे तीन वेळा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबलची घट. नुसती घटच असती तर आवाज वाढवून भागलं असतं. पण भिंती, काच, छत यांवर आपटून खोलीत घुमणारा आवाज अंतराबरोबर फारसा घटत नाही, तो खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. सहा बाय चार मीटरची, तीन मीटर उंचीची खोली धरा आणि त्यात आवाज विरायला ०.८ सेकंद लागतात असं माना. काचेच्या भिंतींच्या आणि उघड्या फरशीच्या खोलीत तेवढे सहज लागतात. अशा खोलीत साधारण अर्ध्या मीटरवरच थेट आवाज आणि घुमणारा आवाज यांची बरोबरी होते. त्यापलीकडे बसलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत माइकला शब्दापेक्षा खोली जास्त ऐकू येते.

खोलीत बसलेल्यांना हे कळत नाही, कारण आपल्याला दोन कान आहेत आणि मेंदू त्या दोन्हींची तुलना करून घुमणं बाजूला सारतो. पडताळून बघायचं असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये एक कान बोटाने घट्ट बंद करा. समोरच्याचा आवाज एकदम विहिरीतून आल्यासारखा वाटेल. तुमच्या घरच्या तिघांना रोज तसंच ऐकू येतं. "सगळं तर नीट ऐकू येतंय" असं खोलीतला माणूस म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण त्याची साक्ष काही कामाची नसते.

म्हणून चांगला स्पीकरफोन आणलात की जो फरक पडेल त्यातला मोठा भाग 'एआय'चा नसेल. डबी टेबलाच्या मधोमध गेली, हा त्यातला खरा फरक. साडेतीन मीटरच्या टेबलावर ती बरोबर मध्ये ठेवली तर सगळ्यात लांबचा माणूस दोन मीटरच्या आत येतो. चाराचे दोन झाले, ६ डेसिबल पदरात पडले, तेही कुठलाही हिशेब न करता. खोक्यावर लिहिलेल्या पल्ल्याबद्दल माझी सवय सांगतो. 'पाच मीटरपर्यंत आवाज टिपतो' असं असेल तर मी अडीच धरतो. पाच मीटरवर आवाज टिपला जातो हे खरंच असतं; तो समजतो का, हा प्रश्न निराळा. टेबल साडेचार मीटरच्या पुढे असेल तर एका महागड्या डबीपेक्षा एकमेकींना जोडता येणाऱ्या दोन मध्यम डब्या मी केव्हाही पसंत करीन.

आता आतल्या करामतीकडे वळू. 'एआय' या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळी कामं भरलेली असतात आणि त्यांतली काही चांगलीच जुनी आहेत. इको घालवणं हे त्यातलं पहिलं. डबीच्या स्पीकरमधून घरच्या माणसाचा आवाज बाहेर पडतो, तो पुन्हा डबीच्याच माइकमध्ये शिरतो आणि त्याचा त्याला परत ऐकू जातो. डबीला आपण स्पीकरला काय पाठवलं हे ठाऊक असतं. खोलीत फिरून ते कसं परत येईल याचा अंदाज ती सतत बांधत राहते आणि माइकच्या आवाजातून वजा करते. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत आकाराला आली, लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठी. आता तिच्या मदतीला न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुन्यांवरून शिकणारा प्रोग्रॅम आलाय, वजाबाकीनंतर उरलेला गाळ ते साफ करतं. पण मूळ अट तीच आहे: स्पीकरला काय गेलं ते डबीला माहीत हवं.

ही अट ध्यानात ठेवलीत तर मीटिंगरूममधली निम्मी भांडणं मिटतील. कुणीतरी खोलीतच बसून आपल्या लॅपटॉपवरूनही मीटिंगला जोडला जातो, स्क्रीन दाखवायची असते म्हणून. त्याच्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून काय निघालं ते टेबलावरच्या डबीला माहीत नसतं, मग ती ते वजा कशी करणार? एका खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर चालू. बाकीच्यांनी जोडताना 'आवाजाशिवाय' हा पर्याय निवडायचा. नुसतं म्यूट केल्याने भागत नाही, त्याने माइक बंद होतो, स्पीकर बोलतच राहतो. आणि इको आलाच तर शोधायची खूण अशी की ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो. बाकीच्यांना एकेक करून म्यूट करायला सांगा. ज्याच्या म्यूटने तो थांबला, त्याच्याकडे स्पीकर आणि माइक एकमेकांच्या तोंडी लागलेत.

दुसरं काम म्हणजे दिशा धरणं. डबीच्या कडेने चार-सहा माइक बसवलेले असतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे चार सेंटिमीटर अंतरावरच्या दोन माइकांपर्यंत तो पोचण्यात मिलिसेकंदाच्या जेमतेम आठव्या-नवव्या भागाचा फरक पडतो. तेवढ्यावरून दिशा कळते आणि डबी त्या दिशेला कान टवकारते. छान चालतं, फक्त डबीच्या आणि माणसाच्या मध्ये लॅपटॉपचा उभा पडदा, फायलींचा गठ्ठा, पाण्याची बाटली असं काही आणून ठेवू नका. आणि ठेवतातच लोक.

गोंगाट गाळणं हे तिसरं, आणि माझी खरी काळजी इथे आहे. पूर्वी शांत क्षणी पंख्याचा आवाज मोजून तो सतत वजा केला जायचा. एकसुरी आवाजाला ते पुरायचं, कप आपटला की फसायचं. आताच्या पद्धतीत नेटवर्कला स्वच्छ बोलणं आणि त्यात मुद्दाम मिसळलेला गोंगाट असे असंख्य नमुने ऐकवलेले असतात. त्यावरून ते प्रत्येक क्षणी, प्रत्येक स्वरपट्टीत ठरवतं की हे बोलणं आहे की कचरा, आणि कचरा वाटलं ते दाबून टाकतं. कीबोर्डची टकटक, कागदाची चुरचुर, दार, सगळं जातं. पहिल्यांदा ऐकणारा थक्कच होतो. पण ते निवाडा करतं, आणि निवाडा चुकतो. कुठे चुकतो? जिथे बोलणंच गोंगाटासारखं वाटतं तिथे. हळू, लांबून, घुमत आलेलं.

याचा मला मिळालेला धडा सांगतो. एका टीमचं काम बघायला गेलो होतो. तिथे आदल्या आठवड्यात चांगलीच वादावादी झाली होती. घरून जोडलेल्या बाईंचं म्हणणं, "तुम्हीच म्हणालात हे शुक्रवारपर्यंत जमणार." खोलीतल्या गृहस्थांचं म्हणणं, "मी स्पष्ट म्हणालो जमणार नाही." आपोआप निघालेल्या टिपणातही त्यांच्या नावासमोर काम आणि शुक्रवारची तारीख. सुदैवाने मीटिंगचं ध्वनिमुद्रण होतं. मी हेडफोन लावून तेवढं वाक्य दहा-बारा वेळा ऐकलं. "हे शुक्रवारपर्यंत जमणार" इथपर्यंत आवाज ठीक, आणि पुढे शांतता. नुसती हळू नाही, कोरी शांतता, एसीची घरघरसुद्धा नाही. म्हणजे तिथे काहीतरी होतं आणि ते पुसलं गेलं होतं.

मराठी बोलताना आपण वाक्याच्या शेवटी आवाज सोडतो. आणि आपलं 'नाही' नेमकं शेवटी येतं. करणार नाही, जमलं नाही, पाठवलेलं नाही, मला तसं वाटत नाही. वाक्याचा सगळा अर्थ उलटवणारा शब्द वाक्यातल्या सगळ्यात दुबळ्या जागी. त्यात ते गृहस्थ वाक्य संपवता संपवता आपल्या स्क्रीनकडे वळले होते, डबीपासून तीन मीटरवर बसून. गोंगाट गाळण्याची पातळी डबीत सगळ्यात वर ठेवलेली आणि मीटिंगच्या ॲपमध्येही तीच सोय चालू. डबीने अर्धवट खाल्लेलं 'नाही' ॲपने पूर्ण गिळलं. आम्ही ॲपमधली सोय बंद केली, डबीतली मध्यमवर आणली, डबी खिडकीजवळून टेबलाच्या मध्यावर ओढली. त्याच गृहस्थांना त्याच खुर्चीवरून तेच वाक्य त्याच कंटाळलेल्या सुरात म्हणायला लावलं. 'नाही' परत आलं. मागे एसीही ऐकू येत होता, येऊ दे.

तेव्हापासून माझा नेम असा की गाळणी एकाच ठिकाणी चालू ठेवायची, डबीत किंवा ॲपमध्ये. दोन्हीकडे ठेवली तर दुसरी गाळणी आधीच ओरबाडलेल्या आवाजावर चालते आणि बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. कुठली ठेवायची ते डबीवर अवलंबून आहे. चांगल्या डबीला तिचे सगळे माइक वेगवेगळे ऐकू येतात, ॲपला त्यांचं एकत्र केलेलं मिश्रणच मिळतं, म्हणून मी सहसा डबीच्या बाजूने कौल देतो. डबी स्वस्तातली असेल तर उलटं करून बघा.

आणि ज्याला एआय फारसं वाचवू शकत नाही ती म्हणजे खोली. आवाज किती वेळ घुमतो याचा पद्धतशीर अभ्यास भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्डमध्ये केला. तिथल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काही कळायचं नाही. त्यांनी दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं, गाद्या वाढवत वाढवत. आजही उपाय त्याच जातीचा आहे. जमिनीवर जाड गालिचा, काचेच्या भिंतीवर जाड पडदा, एखाद्या भिंतीवर कापडी पॅनेल. टाळी वाजवा, टाळीमागे 'टणण्ण' असं शेपूट ऐकू आलं तर डबी बघण्याआधी पडदा बघा. आवाज विरण्याचा काळ निम्मा झाला तर माइकचा उपयोगी पल्ला सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, आणि तो सगळ्यांसाठी, कायमचा वाढतो.

घरचं गणित वेगळं आहे. तिथे तुम्ही एकटे आणि डबी तुमच्यापासून हातभर, साठेक सेंटिमीटरवर. अंतराचा प्रश्न जवळपास मिटलेलाच. खोलीचं दार लागत असेल आणि आत दुसरं कुणी नसेल तर घरी स्पीकरफोन हे सुख आहे. दिवसातून पाच तास मीटिंगा करणाऱ्याच्या कानांना आणि मानेला हेडसेटपासून सुटका हवी असते, मला स्वतःलाही.

पण खोलीत दुसरं माणूस वावरत असेल तर हेडसेटच घ्या. हेडसेटचा माइक तोंडापासून चार सेंटिमीटरवर असतो, डबी साठवर. पंधरापट फरक, म्हणजे २३ डेसिबलहून जास्त. ही आघाडी कुठलंच नेटवर्क भरून काढत नाही. शिवाय गाळणीला शिकवलेलं असतं की बोलणं राखायचं आणि बाकीचं टाकायचं. शेजारी चाललेलं दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं हेही बोलणंच आहे, टीव्हीवरच्या बातम्याही बोलणंच. कुत्र्याचं भुंकणं जाईल, निवेदक राहील. काही उपकरणं आणि ॲप तुमचा आवाज आधी ऐकून ठेवतात आणि फक्त तोच पुढे पाठवतात. त्या सोयीने बरंच साधतं, पण सर्दी झाली किंवा आवाज बसला की तीही बिचकते. आणि दुसरी बाजू विसरू नका. स्पीकरवर घेतलेल्या मीटिंगमध्ये तुमचे सहकारी जे बोलतात ते तुमच्या घरातल्या सगळ्यांना ऐकू जातं. कुणाच्या पगाराचं, आजारपणाचं बोलणं निघालं तर त्यांना ते आवडणार नाही.

घरीच होणारी दुसरी चूक ब्लूटूथची. डबी दिसायला सुटसुटीत, म्हणून लोक ती लॅपटॉपला थेट ब्लूटूथने जोडतात. गाणं ऐकताना ब्लूटूथ एका पद्धतीने चालतं आणि माइक चालू झाला की दुसऱ्याच, फोनच्या बोलण्यासाठी केलेल्या जुन्या पद्धतीवर घसरतं. तिच्यात आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा फार तर १६,००० घेतले जातात. ८,००० असतील तर त्याच्या निम्म्या, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४,००० कंपनांच्या) वरचं काहीच पलीकडे जात नाही, आणि 'स'चा बहुतेक जोर त्याच्याही वर असतो. मग साठ आणि आठ यांत फरक करताना ऐकणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. नव्या ब्लूटूथमध्ये ही मर्यादा पुष्कळ सैल झालीय, पण दोन्ही टोकांना ते नवं असायला हवं. त्यापेक्षा यूएसबी केबल लावा. ड्रायव्हर लागत नाही, चार्जिंगची चिंता नाही, आणि उशीरही कमी होतो. दूरसंभाषणात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यातला बराचसा इंटरनेटच खातं, उरलेला ब्लूटूथला कशाला वाटायचा? केबल नकोच असेल तर डबीसोबत आलेला, लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचा तिचा स्वतःचा डोंगल वापरा.

इथवरचं आवरून सांगायचं तर ऑफिसात डबी मध्यावर, गाळणी एकीकडेच, खोलीत एकच आवाज चालू, घरी दार लागत असेल तर डबी, नाहीतर हेडसेट, दोन्हीकडे केबल. एवढ्यावर तुमच्या तिघांचं समाधान होईल असं मला वाटतं. आता मॅनेजरला ज्याची ओढ आहे ते टिपण.

बहुतेक डब्यांमध्ये लिहिण्याचं काम डबी करतच नाही. ती आवाज पुढे पाठवते, आणि लिहिणं, कोण बोललं ते ठरवणं, सारांश काढणं हे ॲपमध्ये किंवा कुणाच्या तरी सर्व्हरवर होतं. म्हणजे डबी बदलली तरी लिहिणारा तोच राहतो. पण त्याला खायला मिळतं ते डबीतून, म्हणून आवाज सुधारला की टिपण सुधारतं. आवाजाचं लिखाण करणारी मॉडेल गेल्या काही वर्षांत फार पुढे गेली आहेत. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेलं होतं. मात्र त्या ढिगात इंग्रजीचा वाटा फार मोठा होता, मराठीला त्यातलं फारच थोडं आलं. शिवाय आपली ऑफिसातली भाषा ना धड मराठी ना धड इंग्रजी. "ते डिप्लॉयमेंट परवा करून टाकू, मग क्यूएला दोन दिवस मिळतील" हे वाक्य लिहिताना यंत्र मध्येच एका भाषेतून दुसरीत घसरतं, किंवा सगळं एकाच भाषेत उलथवून ठेवतं. अशा मॉडेलांची आणखी एक खोड अशी की शांततेत किंवा नुसत्या घुमण्यात ती कधीकधी कुणीच न बोललेलं वाक्य लिहून मोकळी होतात, तेही अगदी सुबक.

त्या डिप्लॉयमेंटच्या वाक्यातलं 'परवा' बघा. आपल्याकडे होऊन गेलेलाही परवा आणि येणाराही परवा. बोलणाऱ्याच्या क्रियापदावरून माणसाला कळतं. क्रियापदच गाळणीने खाल्लं असेल तर सारांश काढणाऱ्या यंत्राने काय करावं? त्यामुळे मी टीमना एक सवय लावतो. तारीख बोलायची तर आकड्याने आणि महिन्याने. ठरलेलं काम शेवटच्या दोन मिनिटांत एकाच माणसाने डबीजवळ तोंड नेऊन, नावासकट म्हणून दाखवायचं. नकार असेल तर वाक्याच्या सुरुवातीला: "नाही, बारा तारखेला जमणार नाही." दोनदा आलेलं 'नाही' सहसा एकदा तरी वाचतं. पहिल्या आठवड्यात लोक हसतात, मग अंगवळणी पडतं. सारांशाला मी कधीच अंतिम टिपण मानत नाही, तो कच्चा खर्डा. मीटिंगमध्ये हजर असलेल्या एकाने त्याच दिवशी वाचून दुरुस्त केला तरच तो पाठवावा.

कोण बोललं हे ओळखण्याबद्दल फार आशा बाळगू नका. एका डबीतून आठ आवाज जातात, मीटिंगला ती खोली एकच सभासद दिसते. यंत्र आवाजांच्या पोतावरून त्यांची गटवारी करतं. दोघे एकदम बोलले, कुणी नुसतं "हं" म्हणालं, दोघांचे आवाज मिळतेजुळते निघाले की गल्लत होते. आवाजाचे नमुने आधी नोंदवले तर नावं बरीच अचूक येतात, पण आवाजाची अशी नोंद हा बोटाच्या ठशासारखाच प्रकार आहे. ती द्यायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, मॅनेजरने सगळ्यांच्या वतीने नव्हे. ध्वनिमुद्रणही सुरू करण्याआधी सांगायचं. कित्येक ठिकाणी कायद्याने सगळ्यांची संमती लागते, आणि जिथे लागत नाही तिथेही विचारायला काय जातं? विकणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा: आवाज कुठे साठवला जातो, किती दिवस, आणि तो मॉडेल शिकवायला वापरला जातो का. उत्तर गुळमुळीत आलं तर डबी घ्या, टिपणाची सोय बंद ठेवा.

विकत घेण्याआधी ती आठवडाभर वापरायला मागा, आणि ती खोलीत बसून तपासू नका. घरच्या तिघांपैकी एकाला त्याच्या बाजूने ध्वनिमुद्रण करू द्या. आठही खुर्च्यांवर एकेक जण बसून तेच वाक्य म्हणेल, नेहमीच्या सुरात, शेवटी मान वळवून: "आठ नकोत, साठ लागतील असं मला वाटत नाही." एकदा एसी बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. मग दुसरी चाचणी. घरचा माणूस एकपासून वीसपर्यंत आकडे मोजत राहील आणि त्याच वेळी खोलीतला एक जण काहीतरी मोठ्याने वाचेल. खोलीत किती आकडे ऐकू आले आणि घरी वाचन किती तुटलं ते लिहून ठेवा. स्वस्त डब्या एका वेळी एकच बाजू चालू ठेवतात. मग घरच्यांना मध्ये बोलताच येत नाही, ते बोलायला लागले की त्यांचेच शब्द कापले जातात. "त्यांनी विचारणंही सोडलंय" असं तुम्ही लिहिलंत, त्यामागे आवाज न पोचण्याइतकंच हेही असू शकतं. लॅपटॉपच्या स्पीकर-माइकवरही हा दोष असतोच.

वीसपैकी अठरा आकडे आले आणि आठांपैकी सात खुर्च्यांवरून 'नाही' ऐकू आलं तर ती डबी मी घेईन. आठव्या खुर्चीचं काय करायचं ते टेबल बघूनच ठरेल, बहुधा ती खुर्ची दोन फूट पुढे सरकवून. टेबलाची लांबी, भिंती कशाच्या आहेत आणि टाळीमागे शेपूट येतं का, एवढं कळवलंत तर एक डबी पुरेल की दोन लागतील ते सांगतो.